पाच माणसं, एक कुत्री आणि 'टेक': घरी येऊन शिकवणाऱ्या ट्रेनरचा आमचा अनुभव

जानेवारीच्या मध्यावर आमच्या बोळाच्या तोंडाशी चार पिल्लं सापडली. त्यांची आई आदल्या रात्री गाडीखाली गेली होती. तीन पिल्लं दुपारपर्यंत कुणी कुणी नेली. चौथी मादी होती म्हणून उरली, आणि संध्याकाळी माझा मुलगा तिला शर्टात गुंडाळून घरी घेऊन आला. अंगाचा रंग काव दिलेल्या कुंडीसारखा, म्हणून मुलीनं नाव ठेवलं कावी. डॉक्टरांनी दात बघून साधारण ८ आठवड्यांची असेल असं सांगितलं.

तिला शिकवायला आम्ही पैसे देऊन माणूस बोलावला, हे कळल्यावर कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेतल्या निम्म्या ओळखीच्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "गावठी कुत्र्याला ट्रेनर कशाला?" हे सगळं मी लिहून ठेवतेय ते या प्रश्नासाठी. लॅब्रॅडॉर असता तर कुणी विचारलं नसतं.

मी घरात ब्लाऊज शिवते. सोप्यात दोन मशीन आहेत, एक माझं आणि एक हाताखाली येणाऱ्या मुलीचं. दिवसभर खाली काय पडत नाही ते विचारा. टाचण्या, हूक, टिचबटणं, अस्तराच्या चिंध्या, रिळाचे धागे, कधी मोडलेली सुई. दिवसातून तीनदा झाडलं तरी राहतंच. कावी आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तिनं हातभर धागा गिळला. मी धावत डॉक्टरांकडं नेली. त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. धाग्याचं एक टोक कुठं अडकलं की आतडं त्या धाग्यावर गोळा होत जातं, परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर चुण्या पडतात तसं. मग पोट फाडण्याशिवाय इलाज उरत नाही. आमच्या नशिबानं धागा दोन दिवसांत बाहेर पडला. ते दोन दिवस मी तिच्या मागं मागं परड्यात फिरत होते. तोंडातली वस्तू सांगितल्याबरोबर सोडणं हा दुसऱ्यांच्या घरी कौतुकाचा खेळ असेल, आमच्या घरी तो जिवाचा प्रश्न होता.

आताचे ट्रेनर मिळायच्या आधी एक चूक केली ती सांगते. ओळखीतून एक ट्रेनर मिळाला होता. २ हजार रुपये आगाऊ घेतले. आला तो गळ्याला फास बसणारी साखळी घेऊनच. कावी तेव्हा १० आठवड्यांची, वजन मोजून साडेतीन किलो. साखळी अडकवली, "सिट" म्हणाला आणि वर झटका दिला. ती केकाटली आणि जागेवरच तिला शू झाली. "होतंय असं सुरवातीला, सवय लागती," म्हणाला. मी साखळी स्वतःच्या हातानं काढली आणि त्याला जायला सांगितलं. पुढचे दोन दिवस कावी मशीनच्या पायट्यामागं बसून होती, दारात कुणी पुरुष आला की भिंतीला चिकटायची. पैसे गेले, पण मला अजून टोचतात ते त्या दोन दिवसांचे तिचे डोळे. पिल्लाला पहिल्यांदा शिकवायला येणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे ते दारातच बघा. साखळी किंवा काठी असेल तर चहासुद्धा विचारू नका.

आता ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते सर. नाव आणि नंबर इथं देत नाही, कारण ते एका वेळी दोन-तीनच घरं घेतात आणि त्यांना जाहिरात नको आहे. कुत्र्यांच्या डॉक्टरांकडं चौकशी केलीत तर अशी माणसं सापडतात, आम्हालाही तशीच सापडली. एका भेटीचे ७०० रुपये, आठवड्याला एक भेट, अशा ८ भेटी. प्रत्येक भेट साधारण तासाभराची. फोनवरच त्यांनी अट घातली: पहिल्या भेटीला घरातलं प्रत्येक माणूस हजर पाहिजे. माझे मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत आहेत, शिफ्ट बदलती असते. त्यांच्या सुट्टीसाठी पहिली भेट चार दिवस पुढं गेली. सर म्हणाले, चालेल, पण सगळे पाहिजेत.

पहिल्या भेटीत पहिली दहा मिनिटं त्यांनी कावीकडं पाहिलंही नाही. दारातून आले, भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि सासूबाईंशी त्यांच्या गावाबद्दल बोलत राहिले. कावी मशीनमागून बघत होती. त्यांनी मांडीशेजारी उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा ठेवला आणि बोलणं सुरूच ठेवलं. थोड्या वेळानं दुसरा, जरा जवळ. पाचव्या तुकड्याला ती त्यांच्या गुडघ्याला नाक लावून उभी होती. मग त्यांनी हात पुढं केला तो डोक्यावरून नाही, हनुवटीखालून.

नंतर आम्हाला पाचही जणांना म्हणाले, एकेकानं तिला बसायला सांगा. मी म्हणाले "बस". मुलगी म्हणाली "सिट". मुलगा म्हणाला "सिट डाऊन, सिट डाऊन, सिट डाऊन". मिस्टर म्हणाले "ए, खाली बस की". सासूबाई म्हणाल्या "गप बस बगू एका जाग्याला". कावी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत उभीच राहिली. सर म्हणाले, "बघा, तिला पाच माणसांनी पाच भाषांत सांगितलं. हिची चूक काय?"

पुढचा पाऊण तास आम्ही फक्त शब्द ठरवत होतो. मला वाटलं होतं सर सिट-स्टे-कम सांगतील आणि विषय संपेल. त्यांचं म्हणणं वेगळं. कुत्र्याला इंग्रजी नाही, मराठी नाही. त्याला आवाज कळतो. शब्द आखूड हवा, एकमेकांपासून वेगळा ऐकू यायला हवा, आणि मुख्य म्हणजे घरात तो एरवी सारखा बोलला जाता कामा नये. त्यांनी मला विचारलं, दिवसात तुम्ही "बस" किती वेळा म्हणता? मी विचार केला आणि गप्पच झाले. गिऱ्हाइकाला "बसा ताई", मुलाला "अभ्यासाला बस", वाढताना "बस बस, झालं", मुलीला "केएमटीची बस आली का?" दिवसातून पन्नास वेळा हा शब्द तिच्या कानावरून जाणार आणि त्यातल्या पाच वेळाच तिनं बसायचं. तिनं ओळखायचं कसं?

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी आपलं बूड टेक म्हनून सांगतो की तिला." सर एकदम त्यांच्याकडं वळले. "आजी, 'टेक'. हाच घ्यायचा." आखूड, शेवटी ठसका, आणि घरात दुसऱ्या कशाला फारसा वापरात नाही. त्या क्षणापासून सासूबाई या सगळ्या प्रकरणात मनापासून आल्या. तोवर त्या "कुत्र्याला मास्तर" म्हणून नाराज होत्या.

थांबण्यासाठी "थांब" चालला नसता, तो शब्दही घरभर असतो. "ऱ्हा" ठरला, सोबत उघडा तळहात. बोलावण्यासाठी "यू यू", आपल्याकडं कुत्र्याला पिढ्यान् पिढ्या असंच बोलावतात, आणि माणसाला कुणी तसं बोलावत नाही. तोंडातलं टाकण्यासाठी मुलानं "टाक" सुचवला. सरांनी तो लगेच बाद केला: टेक आणि टाक तिच्या कानाला जवळजवळ सारखेच. म्हणून "सोड". आणि "हाड" हा शब्द या घरात तिच्यासाठी कधीच वापरायचा नाही. रस्त्यावर ती तो दिवसभर ऐकणारच आहे, घरात नको. मुलीनं हे चार शब्द वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मशीनच्या वर चिकटवले. कागद अजून तिथंच आहे.

प्रत्यक्ष शिकवणं किती साधं होतं ते सांगते, कारण माझ्या डोक्यात त्याचं उगाच मोठं काहीतरी होतं. चिकनचा तुकडा चिमटीत धरून तिच्या नाकाला लावायचा. मग हात हळू वर आणि थोडा मागं, तिच्या कपाळावरून न्यायचा. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली येतं. खाली टेकलं त्याच क्षणी जीभ टाळूला लावून 'टॉक्' असा आवाज काढायचा, आणि मग तुकडा द्यायचा. सरांकडं त्यासाठी टिकटिक वाजणारं छोटं यंत्र होतं, पण माझ्या एका हातात खाऊ, दुसऱ्यात हातवारे, तिसरा हात आणू कुठून? म्हणून जिभेचा आवाज. त्या आवाजाचं महत्त्व मला दोन दिवसांनी पटलं. खाऊ पोचायला वेळ लागतो, तोवर ती उठलेली असते, आणि तिला वाटतं उठण्याबद्दल मिळालं. आवाज बरोबर त्या क्षणावर पडतो. कापडावर खडूची खूण करावी तसा.

शब्द मात्र सुरवातीला नाहीच. आधी हात, मग हातात खाऊ नसतानाही तोच हात, आणि ती न चुकता बसायला लागली की हाताच्या आधी "टेक". एकदाच म्हणायचं. बसली नाही तर पुन्हा म्हणायचं नाही, दोन पावलं बाजूला जाऊन पुन्हा सुरवात. मुलाला हेच सगळ्यात अवघड गेलं. "टेक टेक टेक टेक" म्हटलं की तिच्या दृष्टीनं शब्दच "टेकटेकटेकटेक" होतो, चौथ्यांदा म्हटल्यावर बसायचं असं ती शिकते.

एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. यापेक्षा जास्त नाही. मी काजाबटण करताना मधेच उठून तीन मिनिटं द्यायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी नुसती "टेक" म्हणाली आणि कावी बसली. हात नाही, खाऊ नाही. सासूबाई देवासमोर दिवा लावत होत्या, त्यांनी वळून पाहिलं आणि हातातली काडी विझेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

शू-शीचा भाग आम्हाला वाटला त्यापेक्षा लांबला. सरांनी मुलीला वहीत वेळा लिहायला लावल्या: खाल्लं कधी, झोपली कधी, उठली कधी, शू कधी आणि कुठं. नऊ दिवसांची वही बघितल्यावर सगळं समोर आलं. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, आणि खेळ संपल्यावर. या तीन वेळांना तिला उचलून परड्यात न्यायचं, तिथं झालं की तिथंच कौतुक. घरात आल्यावर कौतुक केलं तर ते घरात येण्याचं होतं. चुकून घरात झालं तर ओरडायचं नाही, नाक घासायचं तर अजिबात नाही, त्यातून ती फक्त आपल्यासमोर करायला घाबरते आणि मग कपाटामागं जाऊन करते. सासूबाई प्रत्येक वेळी वरून फिनेल ओतायच्या. सरांनी ते बंद करून वास मुळातून घालवणारं एन्झाइमचं द्रावण आणायला लावलं. वास राहिला तर कुत्रं पुन्हा तिथंच येतं.

वहीतून अजून एक गोष्ट सापडली. काही डाग वेळेत बसत नव्हते. ते सगळे दाराजवळचे होते, आणि गिऱ्हाईक आल्यावरचे. बायका आल्या आल्या "अगं बाई, किती गोड" म्हणत तिच्यावर वाकायच्या आणि तिला तिथंच व्हायचं. सरांनी सांगितलं, ही घाण करण्याची सवय नाही, पिल्लं मोठ्या कुत्र्यांसमोर नमतं घेताना असंच करतात, वय वाढलं की जातं. आलेल्या माणसानं तिच्याकडं बघायचंच नाही, पाच मिनिटं बसायचं, मग ती आपण येते. मी दारावर कागद लावला: "आधी माप देऊ, मग कावीला भेटू." बहुतेक बायकांनी ऐकलं. चार महिन्यांची होईपर्यंत ते बंद झालं.

लसींचं वेळापत्रक आणि शिकवणं यांची सांगड सरांनी ज्या पद्धतीनं घातली तिचं मला विशेष वाटतं. डॉक्टरांनी १६ आठवड्यांपर्यंतचे डोस पूर्ण झाल्याशिवाय रस्त्यावर सोडू नका म्हणून बजावलं होतं, पार्वो या जीवघेण्या आजाराची भीती. सर म्हणाले, डॉक्टरांचं शंभर टक्के ऐका, पाय जमिनीला लावू नका. पण पिल्लाला जग ओळखीचं व्हायचे दिवस साधारण १४ आठवड्यांपर्यंतच असतात, ते गेले की परत येत नाहीत. म्हणून उचलून न्या. मी जुन्या जीनची जाड झोळी शिवली, गळ्यात अडकवायची, आत वाकळेचा तुकडा. त्या झोळीतून कावीनं बिंदू चौक बघितला, लक्ष्मीपुरीतला रविवारचा बाजार बघितला, केएमटी बघितली, लग्नाची वरात बघितली. नवीन काही दिसलं की तोंडात एक तुकडा. त्याच दिवसांत फुटबॉलचा हंगाम होता. पेठेतला संघ जिंकला की शाहू स्टेडियमपासून इथपर्यंत फटाके आणि गाड्यांचे आवाज, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. सरांनी मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून तिला जेवायला द्यायला सांगितलं, रोज किंचित मोठा. मार्चमध्ये एका सामन्यानंतर बोळात माळ लागली तेव्हा कावीनं कान टवकारले, माझ्याकडं पाहिलं आणि परत पाठीवर लोळली. शेजारचा पाच वर्षांचा कुत्रा त्या वेळी पलंगाखाली थरथरत होता.

खाण्याबद्दल दोन शब्द. सासूबाई प्रेमापोटी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून ताजं म्हशीचं दूध आणून वाटीभर पाजायच्या, आणि तिचं पोट सारखं बिघडलेलं. दूध बंद केल्यावर आठवड्यात ठीक झालं. रविवारी रश्श्यातलं मटण धुऊन द्यायची आमची पद्धतही बंद झाली, कारण कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो आणि तो मटणात मुरलेला असतो. शिजवलेलं हाड फुटून आत लागतं. शिऱ्यातला मनुकाही नको. तिच्यासाठी वाटण पडायच्या आधीचं बिनमिठाचं उकडलेलं मटण आम्ही आता वेगळं काढून ठेवतो.

दात यायच्या दिवसांत साड्यांचे काठ धोक्यात आले. एका गिऱ्हाइकाच्या इरकलीला दोन भोकं पडली, ती मी रफू करून दिली आणि शिलाई घेतली नाही. सर म्हणाले, ओल्या फडक्याला गाठी मारून फ्रीजमध्ये गोठवा आणि चावायला द्या, हिरड्यांना गार लागतं. इथं मी त्यांचं ऐकलं नाही. ज्या घरात कापड चावायचं नाही हेच शिकवायचं आहे, तिथं कापडच चावायला कसं देऊ? त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, तुमचं बरोबर आहे. मग आम्ही गोठवलेलं गाजर दिलं. आपली चूक पटकन मान्य करणारा माणूस मला आवडतो.

आता "सोड". हा भाग मी सगळ्यात जास्त घोटून घेतला. पद्धत अदलाबदलीची. तिच्या तोंडात तिचं खेळणं असताना नाकाशी चिकन धरायचं, ती तोंड उघडते, 'टॉक्', चिकन द्यायचं, आणि खेळणं तिला परत द्यायचं. परत देणं महत्त्वाचं. सोडलं की गेलं, असं एकदा तिला वाटलं तर पुढच्या वेळी ती वस्तू घेऊन पळेल किंवा घाईनं गिळेल. जबडा हातानं उघडायचा नाही. तीन आठवडे आम्ही खेळणं, चप्पल, रिकामं रीळ, पेन, अशा चढत्या क्रमानं गेलो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली दुपार. मी शेजारणीशी बोलत होते, हातातलं काम खाली ठेवलं होतं. वळून पाहिलं तर कावीच्या तोंडातून लाल धागा लोंबत होता. धाग्याच्या टोकाला सुई असते, ती दिसत नव्हती. माझ्या पोटात गोळा आला. सगळ्यात पहिल्यांदा मनात आलं ते धावून जाऊन जबडा उघडावा. ते केलं असतं तर तिनं गिळलं असतं. मी जागेवर बसून राहिले, आणि रोजच्या आवाजात, जितका जमेल तितका रोजचा आवाज काढून म्हणाले, "सोड." तिनं माझ्याकडं पाहिलं. शेपूट एकदा हलली. मग जीभ बाहेर काढून तिनं ते सगळं फरशीवर टाकलं. सुई धाग्यात होती, थुंकीनं ओली. मी तिला त्या दिवशी डब्यातलं सगळं चिकन दिलं आणि मग परड्यात जाऊन बराच वेळ बसले.

८ भेटींचे ५,६०० रुपये. मला विचाराल तर ते सगळे त्या एका क्षणात वसूल झाले.

बोलावणं शिकवायला शेवटच्या तीन भेटी तपोवन मैदानावर झाल्या, सकाळी सहाला. अंगाला हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा, आणि त्याला दहा मीटरचा सुती दोर. गळपट्ट्याला इतका लांब दोर बांधायचा नाही, पळताना झटका मानेला बसतो. तिथं माझ्या मिस्टरांची चूक सापडली. ते "यू यू" म्हणायचे, ती यायची, ते दोर आखडून घरी निघायचे. चार दिवसांत ती हाक ऐकून लांब पळायला लागली. सर म्हणाले, तुमची हाक म्हणजे खेळ संपला, हे तिला कळलं. दहा वेळा बोलवा, नऊ वेळा खाऊ देऊन पुन्हा खेळायला सोडा. आणि बोलावून कधीही रागवायचं नाही, औषध पाजायला किंवा आंघोळीला न्यायचं असेल तर आपण तिच्याकडं जायचं. सासूबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळिवत्यात, त्यातलं हेच हाय. मालकानं हाक मारली की म्हस गर्दीतनं गाडीमागं पळत येती, का? वर्सभर त्या हाकंवर तिला चारलंय त्यानं." सर हसले नाहीत, मान डोलावली. मला वाटतं त्या दिवशी सासूबाईंनी आम्हाला सरांपेक्षा थोडक्यात समजावलं.

तक्रारीही आहेत, आणि त्या सरांना मी तोंडावर सांगितल्या आहेत. सातची वेळ दिली की पावणेआठ. दोन भेटी त्यांनी त्याच दिवशी सकाळी फोन करून रद्द केल्या, आणि मिस्टरांनी एकदा त्यासाठी शिफ्ट बदलून घेतली होती. दर भेटीनंतर काय सराव करायचा हे ते लिहून देत नाहीत, मुलीची वही नसती तर निम्मं विसरलं असतं. रहदारीत पट्ट्यानं चालवणं त्यांनी फक्त एका भेटीत घेतलं, ते कमी पडलं. आमच्या बोळातून बाहेर पडलं की रिक्षा, दुचाकी आणि मोकळी कुत्री एकदम अंगावर येतात, तिथं कावी अजून ओढते. घरात कुत्रं एकटं ठेवण्याची सवय कशी लावायची हेही राहिलं. आम्ही घरात कुणी ना कुणी असतोच म्हणून चाललं, नोकरी करणाऱ्या जोडप्यानं हे आधीच मागून घ्यावं.

आणि हेही स्पष्ट सांगते: ज्यांना कुत्रं पाठवून शिकून आणायचं आहे, त्यांनी यांच्याकडं जाऊ नये. ते तासभर येतात, बाकी आठवडा आपला. आम्ही रोज मिळून वीसेक मिनिटं दिली, पण एकही दिवस चुकवला नाही. मुलाची परीक्षा असतानासुद्धा.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट मशीनवर चिकटवलेल्या यादीत नव्हतीच. पाचव्या भेटीत सरांनी विचारलं, गिऱ्हाईक असताना ही कुठं असावी असं तुम्हाला वाटतं? मी सोप्याचा कोपरा दाखवला. सासूबाईंनी माझ्याच चिंध्यांची तिच्यासाठी वाकळ शिवली होती, ती तिथं अंथरली. पाय वाकळेवर पडला की 'टॉक्' आणि खाऊ. मग चारही पाय. मग वाकळेवर टेक. मग मी एक पाऊल लांब, दोन पावलं, मशीनपर्यंत, मशीन सुरू. खाऊ नेहमी वाकळेवरच द्यायचा, हातातून नाही. आता दाराची कडी वाजली की मी "वाकळ" म्हणते आणि ती जाऊन बसते, ब्लाऊजचं माप होईपर्यंत. बायका माप देताना तिच्याकडं बघत असतात, हात वर करायला सांगितलं तरी लक्ष नसतं.

जुलै लागला तसं कावीनं एक नवीन सुरू केलंय. आठ महिन्यांची होत आली, आणि मैदानावर "यू यू" म्हटलं की थांबते, बघते, आणि परत वास घ्यायला लागते. सरांना फोन केला. म्हणाले, या वयात सगळी करतात, दोर काढला असेल तर परत बांधा आणि चिकन वाढवा. दोर काढलाच होता आम्ही. नववी भेट मागून घेतली आहे, येत्या रविवारी सकाळी सातला, पाऊस उघडला तर तपोवनात, नाहीतर आमच्या सोप्यात.